दाराशी ठेवलेली बॅग

मित्रांनो, माझ्याजवळ येताना नाक धरलेत तरी चालेल, मला राग येणार नाही. बर्फावरच्या हॉकीचे सामान वाहिलेली मी एक जुनी बॅग आहे. रॉस डॅनिलुक नावाच्या एका बचावपटूचा अर्ध्या आयुष्याचा घाम माझ्या कापडात मुरला आहे. तो कोणत्याही साबणाने निघत नाही. जोलीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळे साबण लावून पाहिले आहेत.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, गव्हाच्या शेतांमधल्या एका लहान गावात माझा जन्म झाला. तिथे मिसेस पॅश्को नावाच्या बाई धान्याच्या ट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवत. सतराव्या वर्षी रॉसची लांबच्या शहरातल्या संघात निवड झाली, तेव्हा त्याची आई त्याला घेऊन त्यांच्याकडे गेली. "दुकानातली बॅग याच्या हातात एक हिवाळासुद्धा टिकत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच काहीतरी करा." बाईंनी ताडपत्रीचेच जाड कापड घेतले, मेण लावलेला दोरा सुईत ओवला आणि मला शिवायला बसल्या. पट्टे दुहेरी, तळ तिहेरी आणि वर पितळेची लांब चेन.

"धर," त्या रॉसला म्हणाल्या. "हिच्यात तू स्वतःसुद्धा मावशील. फारच वाईट हरलास तर आत शिर, चेन लाव आणि पार्सलने घरी ये."

"आणि जिंकलो तर?"

"तर पाठीवर टाकून चालत ये. एवढं जेवतोस, कुठंतरी जिरायला नको?"

तेव्हापासून मी रॉसच्या खांद्यावर चढले.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सामना चालू असताना बॅग बाकाखाली असते. भिंतीपलीकडून लोकांचा गलका येई, कडेच्या फळ्यांवर माणूस आपटल्याचा धप्प आवाज येई. बाकीचे मला सामानावरून कळे. हातमोजे नीट ठेवले तर संघ जिंकला. हेल्मेट माझ्यात भिरकावले तर हरला. एकेक पट्टा हळूहळू सोडत, दात आवळून सामान ठेवले, तर रॉसला कुठेतरी लागले आहे.

आणि त्याला पुष्कळदा लागे. तो काही वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू नव्हता. आपल्या गोलासमोर उभे राहायचे, समोरच्याला अंगाने अडवायचे, आणि दगडासारखी कडक रबरी चकती सुसाट आली तर तिच्या आड पाय घालायचा, हे त्याचे काम. त्याच्या नावावर गोल थोडे आणि टाके फार. असे खेळाडू सगळ्या संघांना लागतात. पण कोणताही संघ त्यांना जपून ठेवत नाही. पेन्सिल्व्हेनियातले खाणीचे गाव, नोव्हा स्कोशियातले बंदर, मिशिगनमधले गाड्यांच्या कारखान्यांचे शहर, असे आम्ही फिरत राहिलो. सरकारी नोकराची बदली व्हावी तशी त्याची बदली व्हायची. फक्त इथे आधी सांगायची पद्धत नव्हती. सरावाला यावे आणि आपली बॅग बाकाखाली नसून दाराशी ठेवलेली दिसावी. म्हणजे आता दुसऱ्या संघाकडे निघायचे. सगळ्यांना बुटांच्या नाड्या बांधायचे काम एकदम आठवायचे.

रॉस मला उचलायचा आणि म्हणायचा, "चला. तिकडची कॉफी तरी बरी असू दे."

प्रत्येक संघ त्याला आपल्या रंगाची नवी बॅग द्यायचा. तो ती जोलीनला कपडे भरायला देऊन टाकी आणि सामान माझ्यातच ठेवी. जोलीन त्याला दातांच्या दवाखान्यात भेटली. सामन्यात त्याचे समोरचे दोन दात गेले होते आणि ती तिथे डॉक्टरांच्या मदतीला होती. पुढे त्याने लग्नाचे विचारले तेव्हा मी त्याच्या पायाशीच होते. ती म्हणाली, "हो म्हणते. पण आधी ही बॅग घराबाहेर ठेव." लग्नानंतर दर हिवाळ्यात नवे भाड्याचे घर, नवे शेजारी. मग टेसा झाली. तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा जोलीन म्हणाली, "आता पुरे. मी हिला घेऊन गावी राहते. तू हिवाळाभर खेळ, उन्हाळ्यात घरी ये." त्यांनी रॉसच्या गावात घर घेतले आणि रॉस एकटा हिंडू लागला.

सगळ्यात वरच्या लीगमध्ये तो एकदाच खेळला. वरच्या संघाचे दोन बचावपटू जखमी झाले होते, म्हणून दुपारी फोन आला आणि संध्याकाळी आम्ही तिथे होतो. ती ड्रेसिंग रूम देवळासारखी स्वच्छ होती. मला ठेवायला गालिचा होता! भिंतीपलीकडचा गलका एवढा मोठा, की माझी चेन थरथरत होती. सामना संपल्यावर रॉस आला आणि स्केट्स न काढता बसून राहिला. शेजारच्या खेळाडूने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "कसं वाटलं?" रॉस म्हणाला, "त्यांचा तो एक पोरगा माझ्या बाजूने गेला म्हणतात. मला दिसलाच नाही." सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी मी दाराशी होते. त्याचे त्याला फारसे वाईट वाटले नाही. गावी फोन करून त्याने आईला एवढेच सांगितले, की तिथे टॉवेल गरम असतात.

शेवटचा संघ उत्तर ऑन्टारिओतल्या एका निकेलच्या खाणीच्या गावातला. तिथे सामानाची व्यवस्था आर्नी बघायचा. स्केट्सना धार लावणे, ओले सामान वाळवणे, फाटलेले शिवणे हे त्याचे काम. माझ्या तळाला त्यानेच नवे कापड लावले. रॉस आणि तो एका थर्मासमधली कॉफी प्यायचे आणि दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढायचे.

"रॉस, तू यायच्या आधी तुझी बॅग येते. वासच सांगतो."

"तुझ्या कॉफीपेक्षा बरा वास आहे तिला."

एका रविवारी दुपारी सामना होता. मधल्या सत्रात फळ्यांवर असा आवाज झाला की गलका एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला. सामना संपल्यावर रॉस आला, बसला आणि सामान भरू लागला. त्याने स्केट्स पात्यांना आवरण न घालता तशीच आत टाकली. एवढ्या वर्षांत त्याने असे कधीच केले नव्हते. माझ्या अस्तराला लांब चीर गेली. त्याने ती पाहिली नाही. मग मला खांद्यावर टाकून तो आर्नीसमोर उभा राहिला.

"बस किती वाजता निघते रे?"

आर्नीने हातातले फडके खाली ठेवले. "कसली बस? आपल्याच गावात खेळलास तू आज."

"हो, हो. गंमत केली."

"कोणाशी खेळलास?"

रॉसने एका संघाचे नाव घेतले. तो संघ मोडून कितीतरी वर्षे झाली होती.

खोलीत बाकी कोणी उरले नव्हते. रॉसला स्वतःलाच कळले की काहीतरी चुकले. तो हळूच म्हणाला, "डोक्यात जरा घुमतंय, एवढंच. याआधीही झालंय. दोन दिवसांत जातं."

"याआधी? किती वेळा?"

"कोचला सांगू नकोस, आर्नी. पुढच्या आठवड्यापासून बाद फेरी आहे. त्यानंतर जर्मनीतल्या एका संघाने बोलावलंय. अजून दोन हिवाळे मिळतील मला. हे सोडलं तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही."

"बरं," आर्नी म्हणाला. "बॅग इथंच ठेव. ओली आहे."

त्याने मला कोठीत नेले आणि बाहेरून कुलूप लावले. रॉसला त्याच्या खोलीवर पोहोचवून तो परत आला आणि त्याने आधी कोचला, मग जोलीनला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दारापलीकडून मला सगळे ऐकू येत होते.

"माझी बॅग कुठाय?"

"माझ्याकडे."

"दे इकडे."

"नाही देणार."

रॉसने दारावर लाथा मारल्या. तो आर्नीला चोर म्हणाला, चुगलखोर म्हणाला, बर्फावर कधी टिकला नाही म्हणून दुसऱ्याचे बूट पुसतो, असेही म्हणाला. आणखी काय काय म्हणाला ते मी तुम्हाला सांगणार नाही. आर्नी दारासमोरून हलला नाही. एवढेच म्हणाला, "आहे मी चोर. जा, डॉक्टरकडे जा."

डॉक्टरांनी सांगितले की याच्या मेंदूला पुष्कळदा हादरे बसले आहेत. आता आणखी एक बसला तर काय होईल ते सांगता येत नाही. रॉस म्हणाला, "मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो." तोवर गाडी हाकत जोलीन येऊन पोहोचली होती. तिने आर्नीकडून मला घेतले आणि ओढत बाहेरच्या बोळात आणले. रॉस तिथेच उभा होता.

"मी अजून खेळतोय, जोलीन."

"खेळ की. मी अडवत नाही. फक्त एक सांग. आपल्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे?"

"हा काय पोरखेळ?"

"सांग ना."

रॉस म्हणाला, "पांढरं."

"पांढरं मिशिगनच्या घराचं होतं, रॉस. आपलं निळं आहे. तू आणि टेसाने मिळून गेल्या उन्हाळ्यात रंगवलं. तुझ्या केसांना रंग लागला म्हणून ती दिवसभर हसत होती."

रॉस खाली वाकला. त्याने माझा एक पट्टा धरला, जोलीनने दुसरा. दोघांनी मला गाडीत ठेवले.

मित्रांनो, त्यानंतरचा काळ माझ्यासाठी वाईट गेला. गावच्या घरामागच्या शेडमध्ये, धान्याच्या रिकाम्या पोत्यांशेजारी मी पडून होते. सामान आत तसेच. बुरशी आली, उंदरांनी हातमोज्यांचा कापूस उपसून घर केले. पण घरात त्याहून वाईट चालले होते. रॉसला उजेड सोसत नव्हता, आवाज सोसत नव्हता. पडदे लावून तो बसून असे. चमचा पडला तरी ओरडे आणि मग ओरडलो म्हणून रडे. टेसा शेडमध्ये येऊन माझ्यावर बसे आणि तिथे मोठ्याने गाणी म्हणे, कारण घरात म्हणता येत नसत.

बरे व्हायला फार वेळ लागला. आधी तो अंगणात आला, मग रस्त्यापर्यंत. पुढे गावच्या धान्य कोठारात त्याला काम मिळाले. ट्रक आले की गव्हाचा नमुना काढायचा आणि ट्रकवाल्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. ते त्याला जमू लागले. नाताळात आर्नीचा फोन येई. जोलीन बोले. रॉस उठून दुसऱ्या खोलीत जाई.

मग एका हिवाळ्यात तो शेडमध्ये आला. बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि त्याने चेन ओढली. गंजलेली पितळेची चेन त्याच्या हातातच तुटून आली. त्याने मला उचलून थेट स्वयंपाकघरात नेले.

"अरे देवा, ती बाहेर!" जोलीन ओरडली. तिथे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, पाण्यात उकळत होत्या.

"एक मिनिट," म्हणून त्याने भिंतीवरचा फोन उचलला. "आर्नी? मी बोलतोय. चोरा, बॅगेची चेन तुटली. येतोस का?"

दोन दिवस गाडी चालवत आर्नी आला. सोबत त्याने नवी चेन, मेणाचा दोरा आणि स्वतःची भयंकर कॉफी आणली होती. दोघे शेडमध्ये शेगडी पेटवून बसले. उंदरांचे घर काढले, सामान उन्हात घातले, मला उलटी करून झटकले. आर्नी शिवत होता, रॉस कापड ताणून धरत होता.

"त्या दिवशी मी तुला काय काय बोललो ते सगळं आठवत नाही मला," रॉस म्हणाला.

"मला आठवतं. त्यातले काही शब्द तर मी पहिल्यांदाच ऐकले."

रॉस हसला. मग खाली बघत म्हणाला, "जे आठवत नाही त्याचीसुद्धा माफी मागायची, असं जोलीन म्हणते."

"मग माग."

"मागितली."

"बरं. आता दोरा धर नीट."

मित्रांनो, हीच माझी कहाणी. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी बॅग असेल तर तिच्यात ओले सामान कोंबून ठेवू नका. चेन उघडी टाका, थोडा वारा लागू द्या. कापड बिचारे काही मागत नाही, आतल्या आत कुजत जाते. माणसांचेही तसेच असते. तुमच्यापैकी कोणी पडला, धडपडला आणि उठून "मी बरा आहे" म्हणाला, तर लगेच पाठ फिरवू नका. थांबा, पुन्हा विचारा. तो चिडेल, वाटेल ते बोलेल. बोलू द्या. चिडायला तो आपल्यात राहिला, एवढे पुष्कळ आहे.