नावासमोरची रेघ

टक्.

फायलीचं बटण मी आवाज होऊ नये म्हणून अगदी जपून लावत होते, तरी वाजलंच. दुपारच्या शांततेत तेवढंही पुरलं. पलंगावर तनयानं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. मी श्वास सोडला. तिच्या झोपेचा तासभर माझा असतो. हल्ली तो या फायलीतच जातो.

फायलीत तिचा जन्मदाखला आहे, ग्रामपंचायतीचा, हातानं लिहिलेला. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, तारीख आहे. बाळाच्या नावासमोर मात्र आडवी रेघ. शाळेनं सांगितलंय, उद्यापर्यंत नावाचा दाखला आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देऊ.

ती रेघ आमचीच. आमच्यात नाव आत्या ठेवते, बारशाला, बाळाच्या कानात सांगून. त्याआधी ते कुणी उच्चारायचं नाही, लिहायचं तर नाहीच. तनया झाली तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते आणि माझी नणंद भाग्यश्रीताई संगमनेरला अडकलेली. ग्रामसेवक श्रीधर भाऊसाहेब नोंद घ्यायला बसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आत्या यायची हाय अजून. तवर नुसतं मुलगी लिवा." त्यांनी तसं लिहिलं.

वाघोलीच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा गाव होतं. ताई दीड महिन्यानं आल्या, पाळण्यावर वाकल्या, नुसत्या मुलीची तनया झाली. पण त्या दीड महिन्यात ग्रामपंचायत संपून आम्ही महापालिकेत गेलो होतो. लोकांनी पेढे वाटले होते. नळ येणार होता.

क्षेत्रीय कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं, जन्म गाव आत येण्याआधीचा, आमच्याकडे काही नाही. तालुक्याला गेले तर म्हणाले, गावच आमचं राहिलं नाही, रजिस्टर कसं राहील? नगरसेवकांनी पत्र दिलं. त्या पत्रानं फाईल एका पानानं जाड झाली. तिसऱ्या खेपेला कारकून माझ्याकडे न बघताच म्हणाला, "नाव घालायला कायद्यानं पंधरा वर्षं मिळतात मॅडम. तुम्हाला पाचव्यातच घाई."

आज सकाळी शेवटी भाऊसाहेबांचा फोन लागला. बदली होऊन ते जुन्नरकडे असतात. रजिस्टरं त्यांनी पोत्यात बांधून पंचायतीच्या ऑफिसातच ठेवली होती. त्यांच्या यादीवर सही करून ती ताब्यात घ्यायला महापालिकेतलं कुणी आलंच नाही.

ते ऑफिस म्हणजे आता आरोग्य कोठी. सफाई कामगारांची हजेरी तिथे होते. घरापासून दहा मिनिटांवर, आणि मी तीन महिने शहरभर हिंडले.

तनया उठल्यावर तिची वेणी घातली आणि तिला घेऊन गेले. मुकादम भीमराव वयस्कर आहेत. त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि ढकलगाड्या सरकवून मागची पोती काढून दिली. तिसऱ्या पोत्यात रजिस्टर निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आतलं पान शाबूत. माझं नाव, नवऱ्याचं, विश्वजीतचं नाव, निळ्या शाईत. आणि ती रेघ. मी तिथेच झाडूंच्या ढिगाशेजारी खाली बसले. सापडलं होतं.

फोटो काढून कारकुनाला पाठवला आणि लगेच फोन केला. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"सापडून उपयोग नाही हो, ताई," तो म्हणाला. "पंचायत गेली त्या दिवशी ग्रामसेवकाचा शिक्का संपला. आणि यादीवर सही झाल्याशिवाय आमचा चालत नाही. त्या पानावर आज कुणालाच लिहिता येत नाही."

सही कुणी करायची, मी विचारलं. ते अजून ठरायचंय, असं तो म्हणाला.

भीमरावांनी सगळं ऐकलं असणार. त्यांनी खिशातलं पेन काढून उघड्या पानावर ठेवलं आणि पाठ फिरवून झाडू मोजायला लागले. बराच वेळ मोजत राहिले.

मी टोपण काढलं. तीनच अक्षरं. मग वाटलं, उद्या कुणी हे माझं अक्षर ओळखलं, तर तिचं नावच खोटं ठरेल. आणि शिक्क्याशिवाय शाळा ते धरणार तरी कशी? टोपण पुन्हा लावलं.

तनया खुर्चीवरून उतरून माझ्या मांडीला टेकली होती. हे काय आहे, म्हणाली. मी सांगितलं, तू जन्मलीस ते यात लिहिलंय, आणि इथे तुझं नाव हवं होतं.

तिनं रेघेवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग माझ्या हातातल्या पेनकडे पाहिलं.

"मला येतं की माझं नाव. मी लिहू?"