आखूड पाय

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढं खुर्चीत शिंप्याची आई, पाय लांब करून बसलेली. पायओढ्या बाबा तिचे दोन्ही बूट धरून ओणवा झालेला.

"बघा, उजवा अर्धा इंच आखूड. पाय आखूड म्हणून कंबर वाकडी, कंबर वाकडी म्हणून मान वाकडी, अन् मान वाकडी झाली की डोकं बोंबलणारच."

काहीतरी पुटपुटत त्यानं बूट ओढले. टाचा एका रेषेत आल्या. लोक रडायला लागले, शिंप्याची बहीण सगळ्यात मोठ्यानं.

शिंपी दारात उभा होता. महिन्यापूर्वी याच खुर्चीत आईला त्यानंच बसवलं होतं. तिचं कानशील ठणकायचं, घास चावताना जबडा दुखायचा. डोकेदुखीवर संशोधन करणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मान तपासली अन् हात मागं घेतला. हे मानेचं नाही, डोळ्याला धोका आहे, आजच मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासा, म्हणाल्या. शिंपी मात्र आईला घेऊन आला इथं, बाबाकडं. बाबानं आठ दिवस दवाखान्याची सुई वर्ज्य सांगितली. सहाव्या दिवशी उजवा डोळा विझला. जन्मभर कापड मापणारा गडी, गळ्यात टेप असून पाय नुसत्या नजरेनं मापून बसला होता.

दुसरा डोळा मोठ्या दवाखान्याच्या गोळ्यांवर टिकून होता. आज बहीण आईला परत इथं घेऊन आली होती. अन् बाबा आता म्हणत होता, गोळ्या बंद करा, गेलेला डोळाही आणतो.

शिंप्यानं पुढं होऊन आईचे बूट काढले, टेप लावला. दोन्ही पाय सारखे.

"आता ओढ. एक सूत वाढवून दाखव."

"बुटाशिवाय शक्ती उतरत नाही."

शिंप्यानं बूट परत चढवले. डावा बूट टाचेतून अर्धा इंच बाहेर ओढला, तसा उजवा पाय आखूड दिसायला लागला. डावा आत दाबला, झाले सारखे.

"हीच याची शक्ती."

बाबा हसला. "पाय नाही, तुझा विश्वास आखूड पडला. म्हणून डोळा गेला."

लोकांनी माना डोलावल्या.

"आईचा डोळा तूच खाल्लास," बहीण म्हणाली.

"हो ताई, मीच. दुसरा तू खाऊ नकोस."

आई चाचपडत उठली. "चला रे. गोळीची वेळ झाली."

ती उठते न उठते तोच खुर्चीत दुसरी बाई बसली, बूट पुढं करून.

लोकहो, पाय मोजायचा तर बूट काढावा लागतो, रक्त तपासायचं तर सुई टोचून घ्यावी लागते. तेवढं सोसा. गेलेला डोळा कुणाच्या बापाला ओढून आणता येत नाही.