वाजणारं आणि न वाजणारं

घाटकोपरच्या त्या दुकानात दोन घड्याळं काचेवर शेजारी शेजारी आली, तेव्हा सहदेव घाडीने घड्याळांकडे पाहिलंच नाही. तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहिला.

दोन्हींना काळा रबरी पट्टा, दोन्ही ‘स्पोर्ट्स’, दोन्ही पावसात भिजली तरी हरकत नाही. एक किल्लीचं, अंधारात हिरवे दिसणारे काटे असलेलं. दुसऱ्यात नुसते आकडे, पण ते दर तासाला वाजायचं. सहदेवची बायको रुक्मिणी काट्यांच्या बाजूने होती. कारण तिने सांगितलं ते स्वस्ताईचं. “वाजणाऱ्याचे सेल उतरले की मग? काटे बिचारे गप्प आपलं काम करतात.”

बरोबर आलेल्या भाऊ परबांना मात्र वाजणारंच हवं होतं. मुलुंडच्या एका गोदामात रखवालदाराची जागा त्यांनी शेठकडे शब्द टाकून सहदेवसाठी मिळवली होती. आधीचा गडी झोपला आणि माल गेला. म्हणून नव्या गड्याने तासातासाला फेरी मारायची, अशी अट. संपात गिरणी बंद पडल्यापासून सहदेवला मिळत असलेलं हे पहिलं पक्कं काम. आणि सहदेवला ऐकू येत नव्हतं.

हे कुणाला ठाऊक नाही, असा त्याचा हिशेब होता. गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांपाशी, उभी हयात गेली. तिथल्या खडखडाटात आवाजाला किंमत नव्हती. साच्यांवरची माणसं ओठांनी बोलायची नि डोळ्यांनी ऐकायची. कान कधी गेले ते कळलंच नाही, कारण ते लागतच नव्हते. बाहेरही त्याने तोच धंदा चालवला. चार माणसं हसली की हा हसे, अर्धा श्वास उशिरा. मयताला गेला की गप्प बसे. तिथे तर त्याच्याइतका समंजस माणूस दुसरा नसे.

दुकानदाराने बटण दाबलं. भाऊंची नजर घड्याळावर गेली, रुक्मिणीची गेली, म्हणून सहदेवनेही मान डोलावली. एवढ्यावर थांबता तर निभावलं असतं. पण खोटं खपू लागलं की माणसाला त्यावर नक्षी काढायचा मोह होतो. त्याने ते आकड्यांचं घड्याळ उचललं, वाडवडील लावत आले तसं कानाला लावलं, जाणकारासारखे डोळे मिटले नि म्हणाला, “टिकटिक बाकी दमदार आहे हं.”

काका, याला टिकटिक नसतेच, हे सेलवर चालतं, असं दुकानदार म्हणाला. सहदेवचे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा दुकानदार हसत होता, म्हणून तोही हसला.

भाऊ हसले नाहीत. जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होण्याआधी तेही त्याच साचेखात्यात होते. भिंतीवरची घड्याळं बघायच्या निमित्ताने ते सहदेवच्या पाठीमागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “सहदेवा.”

समोर उभ्या रुक्मिणीचे ओठ हलले. आवाज नाही, नुसतं ‘मागे वळा.’

“काय भाऊ?” सहदेव वळला. वळता वळता त्याच्या ध्यानात आलं. ही बाई गिरणीच्या फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. मग ही भाषा तिला कुणी शिकवली?

भाऊंनी ते ओठ पाहिले होते. त्यांनी एकदा दुकानदाराकडे बघितलं. परक्या माणसाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनीही आवाज काढला नाही. साच्यापाशी बोलायचे तसे एकेक शब्द ओठांवर ठेवत गेले.

“चोर काय तुझ्यासमोर येऊन तोंड हलवणार आहे, सहदेवा? मी शब्द दिलाय रे शेठला.”

“तुमचं बरोबर आहे,” सहदेवही तसंच, बिनआवाजी बोलला.

कुठलं बांधू, दुकानदार विचारत होता. राहू दे, पुन्हा येऊ, असं रुक्मिणीने सांगितलं. सहदेवने काचेवर उमटलेले बोटांचे ठसे बाहीने पुसले आणि आकड्यांचं घड्याळ काट्यांच्या शेजारी सरळ करून ठेवलं.

भाऊ मान खाली घालून स्टेशनकडे गेले. रुक्मिणी नेहमीसारखी अर्धी वळून, तोंड त्याच्याकडे ठेवून चालू लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के तिच्या खांद्याला लागत होते. तुझी चालच वाकडी, म्हणून सहदेव इतकी वर्षं तिला चिडवत आला होता.

तिने काहीतरी विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी साचलं होतं, त्यामुळे तिचे ओठ नीट दिसेनात.

“काय?” तो म्हणाला. “ऐकू नाही आलं गं.”