मयताला जाऊ नये

पनवेल महापालिकेच्या निवडणुकीत मोहल्ल्यातल्या मुसलमानांच्या जमातीने एका उमेदवाराला मतांचा शब्द दिला होता. बदल्यात तो कब्रस्तानाची भिंत बांधून देणार होता. नेमकी त्याच वॉर्डात, मोहल्ल्यात शिकवण्या घेणारी फरजाना धनसे अपक्ष उभी राहिली.

यासीन बुबेरे जमातीचे सेक्रेटरी. फरजाना त्यांच्या लहानपणच्या दोस्ताची, उस्मानची मुलगी. तरी अध्यक्षांनी हातात दिलेला ठराव जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनीच वाचला. जमातीला न विचारता उभ्या राहिलेल्या बाईला मत देऊ नये, तिच्या घरी लग्नाला, मयताला जाऊ नये. ‘मयताला’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली, पण थांबली नाही. तिसऱ्या रांगेतून उस्मान मान खाली घालून निघून गेला.

फरजाना हरली. महिन्याभराने उस्मान वारला.

मयत न्यायची जनाज्याची खाट मशिदीच्या खोलीत कुलपात असायची, किल्ली यासीनचाचांकडे. सकाळीच फरजाना दारात उभी राहिली.

“मोरा बंदराहून मामू आणि त्यांचे दोन मुलगे आलेत. खाट तेवढी द्या.”

“चौथा खांदा?”

“बघू. तुम्हाला या म्हणत नाही, चाचा.”

चाचांनी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, “आज सूट दिली, तर उद्या जमातीला विचारणार कोण?” चाचांनी फोन ठेवला, किल्ली घेतली आणि टोपी घालून निघाले.

धनशांच्या अंगणात मशिदीचे मौलाना आधीच येऊन बसले होते. “जनाज्याची नमाज कुणाच्या ठरावाने अडत नाही,” ते हळूच म्हणाले. “हे त्या जुम्म्याला बोलायला हवं होतं. मीही गप्प बसलो.”

पाच माणसांनी उस्मानला नेलं. वाटेत खिडक्या किलकिल्या होत होत्या, खाली कुणी उतरलं नाही. मूठभर माती टाकताना चाचांना माफी मागायची होती, पण ती ऐकणाराच उरला नव्हता.

पुढच्या जुम्म्याला ते मशिदीत उठून उभे राहिले. “तो ठराव मी वाचला. गुनाह माझा आहे. उस्मानसाठी दुआ करा.” अध्यक्ष म्हणाले, “बसा.” ते बसले नाहीत. हळूहळू काही हात वर झाले. पुष्कळसे मांडीवरच राहिले.

तिथून ते फरजानाकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“ठराव वाचलात त्या दिवसानंतर अब्बा मशिदीत गेले नाहीत, चाचा. घरीच नमाज पढायचे. दाराची कडी वाजली की म्हणायचे, यासीन असेल, बघ.”