शाळेच्या आढ्यावर फिरलेला रंधा

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो. माझे अंग बाभळीचे, पाते पोलादाचे. कुशाबा सुतारांनी पाते पौडच्या बाजारातून आणले आणि अंग स्वतः घडवले. लाकडाची रेष जिकडे वाहते तिकडेच मला ढकलायचे. उलट गेले की तंतू उचकटतात, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मुळशीकडच्या एका वाडीत श्रमदानाने शाळा उभी राहत होती. पुण्याहून कॉलेजची मुले शिबिराला आली होती. छपराचा कणा, म्हणजे आढे, तेवढे चढवायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी शिबिर संपणार होते. ते अजस्र सागवान उचलायला इतके खांदे पुन्हा मिळाले नसते.

पण कुशाबांची बायको सगुणाबाई नुकतीच वारली होती. दहावा व्हायचा होता. आढ्याला नारळ सुतारानेच बांधायचा, ही तिथली चाल. हैबतराव पाटलांचे म्हणणे पडले, सुतकातला हात शाळेला नको.

कुशाबा म्हणाले, "सुतक मला हाय, पाटील. लाकडाला न्हाई."

एवढे बोलून ते आढ्याच्या टोकावर मला चालवू लागले. हे टोक खांबाच्या खाचेत घट्ट बसायला हवे. ते बसण्याजोगे झाले, तरी हात थांबेना. त्या हातात राग नव्हता, दुःखही नव्हते. ढलप्या पडत होत्या. ते पाहत नव्हते.

करवतीवरचे त्यांचे जोडीदार रमजान जवळ आले. "पुरं, कुशाबा. टोक सैल झालं."

त्यांनी मला हळूच काढून घेतले. कुशाबांचा रिकामा हात तसाच पुढे-मागे होत राहिला.

मग तो थांबला. कुशाबांनी टोक चाचपले. "पाचर मारू. नारळ तू बांध."

"बांधतो की. मंतर येत न्हाई, पण गाठ पक्की येती. आमच्या शेळीला इचार."

पाटील टोपी सारखी करून खांदा द्यायला आले.

आढे चढले. पाचर बसल्यावर हलले नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुशाबांनी वर पाहिले नाही. घरी जाऊन काय करू, असे त्यांनी रमजानना विचारले. रमजान म्हणाले, "बस हितं. हत्यारं पुसू."

दोघांनी मला तेल लावले. बराच वेळ लावले.

आता मी माळ्यावर गंजतो आहे. मला धार लावली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण काम संपल्यावरही कुणाचा हात चालत राहिला, तर त्याच्यावर ओरडू नका. हातातले हत्यार हळूच काढून घ्या आणि त्याच्याजवळ बसा.