सुंदराबाईंचा हिरवा ठिपका

गाडीत लाल त्रिकोण पेटला तो मरोळ नाक्याच्या सिग्नलला, गुरुवारी सकाळी. पाठोपाठ समोरच्या पडद्यावर इंग्रजीच्या चार ओळी आल्या आणि मागच्या सीटच्या मागून पंखा असा घुरघुरायला लागला, की कुंडलिकराव हिवाळ्यांना वाटलं, गाडीला दमा झाला. बत्तीस वर्षं स्टीअरिंगमागे काढलेला माणूस. नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते सांगायचे. पण ही गाडी अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी, आणि बॅटरी काही बोलत नाही. त्यांनी गाडी गोंजारत गोंजारत बिल्डिंगपर्यंत आणली आणि आपल्या खांबापाशी लावली.

गाडी जुनी होती, पण ऐरीगैरी नव्हती. २०१० साली साहेबांनी ती नवी कोरी घेतली, तेव्हा शोरूममधून बाहेर काढली ती कुंडलिकरावांनीच. पुढची दहा वर्षं साहेबांना तिच्यातून जुहूहून फोर्टला नेलं, फोर्टहून जुहूला आणलं. मागचं दार उघडलं, मागचं दार लावलं. साहेब मुलाकडे परदेशी गेले तेव्हा गाडी कुंडलिकरावांच्या नावावर झाली. हिवाळ्यांच्या अख्ख्या खानदानातली ती पहिली गाडी. त्या दिवशी त्यांनी बायकोला खाली बोलावलं, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस. आता तू मालकीण."

सुंदराबाई बसल्या. आणि आठ दिवसांत, सीट मळू नये म्हणून, त्यांनी जुन्या साड्यांची एक जाडजूड गोधडी शिवून मागे अंथरली. गावाहून, जालन्याकडून येताना तिच्यावर ज्वारीची पोती बसायची आणि एरवी सुंदराबाई. त्या मागे, हे पुढे, अशी पाच वर्षं गेली.

आता गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली होती. येत्या सोमवारी आरटीओत पासिंगची तारीख, आणि नोंदणीची मुदत संपायचा दिवसही तोच. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि पास झाली, तर अजून पाच वर्षं तिला मरण नाही. नाही गेली, तर भंगार.

गॅरेजवाला बिल्डिंगखाली आला, मशीन लावलं, आणि पान चघळत निकाल देऊन टाकला. "काका, हायब्रिडची बॅटरी गेली. हिची नवीन आता मिळत नाय. सोमवार विसरा. कबाड्याचा नंबर देऊ का?"

कुंडलिकरावांना त्या माणसाचा इतका राग आला, की त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

त्यांचा मुलगा चैतन्य एका कॉल सेंटरमध्ये कामाला होता आणि जगातली कुठलीही गोष्ट मोबाइलवर बघून करता येते, असं त्याचं ठाम मत होतं. रात्रभर व्हिडिओ बघून तो शुक्रवारी सकाळी जाहीर करता झाला, की अख्खी बॅटरी कधीच जात नाही. आत अठ्ठावीस सेल असतात, एकेक पुस्तकाएवढा. त्यातले दोन-चार मरतात आणि बाकीच्यांना बदनाम करतात. बापलेकांनी रबरी हातमोजे घातले, बॅटरीचा नारिंगी प्लग उपटला, वीज उतरायला पंधरा मिनिटं थांबले आणि ती लोखंडी पेटी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आणून हॉलमध्ये मांडली. चैतन्यने मीटर लावला. प्रत्येक सेल साडेसात-आठ व्होल्ट दाखवत होता.

"सगळे चांगलेच आहेत की रे," कुंडलिकराव म्हणाले.

"तेच ना पप्पा. काय कळतच नाय यार."

कळलं ते पंख्यातून. बॅटरी थंड ठेवणारा पंखा चैतन्यने उघडला आणि आतून ज्वारीचा भुसा सांडला. त्यामागून बोट घालून त्याने एक गोळा ओढून काढला. सुताचा, धुळीचा, उंदराएवढा. त्यातला जांभळा रंग कुंडलिकरावांनी तिथेच ओळखला. सुंदराबाई ती जांभळी साडी नेसून नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीत गेल्या होत्या. पुढे ती गोधडीत गेली. मागच्या सीटच्या कडेला जाळी होती, तिथूनच बॅटरी हवा घेत होती, आणि पाच वर्षं त्या जाळीवर गोधडी होती. बॅटरी आपल्याच घरातल्या मायेने गुदमरली होती.

स्वयंपाकघरातून पावलं वाजली. कुंडलिकरावांनी तो गोळा पटकन खिशात घातला.

"काय लपवलंत?" सुंदराबाईंनी विचारलं.

"कुठं काय? कचरा होता."

"दाखवा."

त्यांनी दाखवला. सुंदराबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "फॉल्ट सापडला तर सांगायचा असतो. लपवला की परत होतो." आणि थोडं थांबून, "माझ्या गोधडीनं बसवली होय गाडी? मग उठवीन पण मीच."

चैतन्य हसला. कुंडलिकरावही हसले असते, पण बायकोचा चेहरा बघून राहून गेलं.

सुंदराबाई सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत एकोणीस वर्षं होत्या. कंपनी बंद पडली तेव्हा घरी बसल्या. त्या तिथे नेमकं काय करायच्या, हे कुंडलिकरावांनी कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ते सांगायचे, "मिसेस कंपनीत हेल्पर आहे." संध्याकाळी दोघंही दमून यायचे, आणि भाजीला काय आणायचं यापुढे बोलणं जायचं नाही.

सुंदराबाईंनी आधी बांगड्या काढून मिक्सरशेजारी ठेवल्या. शेजारच्या सुगंधाताई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "अगं बाई, नवरा समोर बसलाय आणि हात मोकळे केलेस?"

"बांगडीनं शॉर्ट झालं तर पहिला तोच जाईल. जवळ तोच बसलाय," सुंदराबाई म्हणाल्या आणि विरजण देऊन त्यांना वाटेला लावलं.

मग त्यांनी चैतन्यला खाली पिटाळून हेडलाइटचा बल्ब मागवला. प्रत्येक सेलवर खडूने नंबर घातला. "बसलेला माणूस सगळा धडधाकटच दिसतो रे," त्या मुलाला म्हणाल्या. "जिना चढायला लाव, मग कळतं." त्या सेलला बल्ब जोडायच्या, दोन मिनिटं जळू द्यायच्या आणि आकडा कितीवर उतरतो ते चैतन्यच्या जुन्या वहीत लिहायच्या. आठवा सेल सहावर आला. तेरावा कोसळलाच. दुपारपर्यंत चार सेल नापास झाले. कुंडलिकरावांना वाटलं, झालं काम. पण बाईंनी पहिल्यापासून परत सुरुवात केली.

"आता परत कशाला?"

"एकदाच्या रीडिंगवर माझा विश्वास नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "आमच्या टेबलावर प्रत्येक पीस दोनदा बघायचा, मगच हिरवा ठिपका."

"कसला ठिपका?"

"पास झाल्याचा. माझ्या टेबलावरून ठिपका लागल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. मॅनेजर जरी उभा राहिला तरी."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. एकोणीस वर्षांचा हिशेब डोक्यात घेऊन कुंडलिकराव गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शनिवारी तिघं कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. ठोकलेल्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तसलेच अकरा सेल धूळ खात होते. दुकानदाराने चार काढून कुंडलिकरावांच्या हातात ठेवले. "एकदम कडक माल है चाचा, आँख बंद करके ले जाओ."

"डोळे उघडे ठेवूनच आलोय," सुंदराबाई म्हणाल्या आणि पिशवीतून मीटर, वायरी, बल्ब, वही आणि नखांना लावायच्या हिरव्या रंगाची बाटली काढली. दुकानदाराने आधी कुंडलिकरावांकडे बघितलं, मग चैतन्यकडे. दोघांनीही बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी स्टुलावर बैठक मारली. तास गेला. शेजारच्या दुकानातली पोरं कामं टाकून बघायला आली. दुकानदाराने स्वतः निवडून दिलेल्या चारांतले तीन त्यांनी नापास केले, आणि एकूण अकरांतून चार ठेवले. त्या चारांवर हिरवा ठिपका दिला. निघताना दुकानदाराने बाकीच्या सातांकडे बघून खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, इसमें से फेकने का कौनसा?" बाईंनी त्यालाही तीन वेगळे काढून दिले.

परत येताना रिक्षात कुंडलिकराव छाती काढून बसले होते. मध्ये बसलेल्या सुंदराबाईंना त्यामुळे जागा पुरत नव्हती.

नवे-जुने अठ्ठावीस सेल एकमेकांना जोडून एक रात्र तसेच ठेवले, म्हणजे भरलेल्याने रिकाम्याला द्यावं आणि सगळे एका पातळीवर यावेत. सेलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. चैतन्य त्यासाठी ऑनलाइन काही मागवणार होता, तोवर आईने चिंचमिठाने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनही टाकल्या. पंखा साफ झाला. रविवारी दुपारी सेल पेटीत बसायला लागले: एकाचं अधिक टोक पुढे, त्याच्या शेजारच्याचं उणे पुढे, असे आलटूनपालटून. सुंदराबाईंनी मीटर फिरवून सगळी रांग तपासली. बरोबर होती. त्या चहा टाकायला आत गेल्या.

इथे कुंडलिकरावांचा हात शिवशिवला. तीन दिवस ते नुसते पेटी उचलणारे आणि वायर धरणारे झाले होते. एकोणिसावा सेल त्यांना जरासा वाकडा वाटला. त्यांनी तो काढला, रुमालाने पुसला आणि फुलासारखा परत ठेवला.

चहा पिऊन सुंदराबाई पुन्हा मीटर घेऊन बसल्या.

"आई, आत्ता तर बघितलंस!" चैतन्य कावला. "पट्ट्या लावू या ना."

बाईंनी मीटर फिरवणं चालूच ठेवलं. सतरा, अठरा, एकोणीस. मीटर थांबला.

"हा कुणी फिरवला?"

पट्टी लागून प्लग बसला असता, तर त्या सेलची वाट लागली असती, आणि सोमवारी आरटीओच्या दारात परत लाल त्रिकोण. कुंडलिकरावांना बोलू नये असं फार वाटलं. पण खिशात लपवलेला तो सुताचा गोळा त्यांना आठवला.

"मी," ते म्हणाले. "फॉल्ट माझा. वाकडा होता म्हणून सरळ केला."

सुंदराबाईंनी सेल फिरवून नीट बसवला. रागावल्या नाहीत. वहीत मात्र लिहिलं: १९, उलटा, कुंडलिक. सेलच्या त्या वहीत नाव लागलेला एवढा एकच माणूस, आणि तोही नापास नाही.

पट्ट्या लागल्या, झाकण बसलं, आणि झाकणाच्या कोपऱ्यात बाईंनी हिरवा ठिपका दिला. पेटी खाली नेऊन गाडीत बसवली. प्लग लावला. कुंडलिकरावांनी बटण दाबलं. पडद्यावर बॅटरीच्या आठ पट्ट्यांपैकी सहा पेटल्या आणि लाल त्रिकोण काही आला नाही. गाडी आवाज न करता खांबापासून पुढे सरकली. चैतन्य कंपाऊंडमध्ये ओरडला, "झकास! आई, झकास!" आणि वॉचमन बघतोय हे विसरून त्याने आईला उचललं.

सोमवारी आरटीओत इन्स्पेक्टरने दिवे बघितले, ब्रेक बघितले, एक फेरी मारून आणली. उतरल्यावर पुन्हा गाडीकडे बघत उभा राहिला.

"या मॉडेलच्या बॅटऱ्या केव्हाच संपल्यात. तुमची कशी काय चालते? कुठल्या गॅरेजला केली?"

"घरी केली साहेब."

"घरी? केली कुणी?"

कुंडलिकरावांनी मागे वळून पाहिलं. सुंदराबाई झाडाखाली वही पोटाशी धरून उभ्या होत्या. एकोणीस वर्षं ज्या प्रश्नाला त्यांनी एका शब्दात उडवलं होतं, त्याचं उत्तर आज त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात दिलं.

"आमच्या मिसेसनी. सुंदराबाई हिवाळे. सीप्झला टेस्टर होत्या, एकोणीस वर्षं. त्यांनी पास केल्याशिवाय माल कंपनीबाहेर जात नव्हता."

इन्स्पेक्टरने एकदा बाईंकडे पाहून मान डोलावली आणि कागदावर सही केली. पाच वर्षं.

गाडीपाशी येऊन कुंडलिकरावांनी सवयीने मागचं दार उघडलं. मागची सीट उघडी होती. बाजूची जाळी मोकळी. घडी केलेली गोधडी सुंदराबाईंच्या हातात होती.

"मागं नको," त्या म्हणाल्या. "मला पुढं बसायचंय. पडद्यावरच्या त्या पट्ट्या कशा चढतात-उतरतात ते बघायचंय."

"मग पाच वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मानानं दार उघडायचात. कसं बोलणार?"

कुंडलिकरावांनी मागचं दार लावलं. फिरून पुढे आले आणि साहेबांसाठी उघडायचे तसंच, एक हात वर धरून, पुढचं दार उघडलं. सुंदराबाईंनी गोधडी पुढच्या सीटवर अंथरली, तिच्यावर बसल्या आणि बेल्ट लावला. गाडी गेटबाहेर पडली. बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होत्या.

"मघाशी त्या साहेबाला काय सांगितलंत?" त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"ऐकलंस की तू. तिथंच तर होतीस."

"ऐकलं," सुंदराबाई म्हणाल्या. "पण एकदाच्या रीडिंगवर माझा विश्वास नाही. परत सांगा."