ढेमशाची जात

नागपुरात बेसातल्या आमच्या सोसायटीने ढेमशाला लिफ्ट बंद केली, मग जिनाही बंद केला. मीटिंग होईपर्यंत धोकादायक कुत्रा खाली आणायचा नाही म्हणे. चौथ्या मजल्यावरून आम्ही काय उडत जायचं? भर मे महिन्यात कूलरसमोर दोघंही कोंडून पडलो. तो बाल्कनीत कागदावर उरकायचा आणि चोरी केल्यासारखा माझ्याकडे बघायचा. मला रडू यायचं, त्याहून जास्त राग यायचा.

ढेमसा पिटबुल. झुंजी लावणाऱ्यांनी कान कापून कळमन्याजवळ टाकून दिलेला. भाजीतल्या ढेमशासारखं गोल डोकं, म्हणून हे नाव. मी त्याला घरी आणलं, शिकवलं आणि दर शनिवारी सदर भागातल्या वृद्धाश्रमात नेऊ लागले. तिथल्या चारुशीला आजींचा उजवा हात लकव्याने गेलेला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना त्या शिव्या घालतात, पण ढेमशाने मांडीवर डोकं ठेवलं की त्यांची बोटं हलतात. "तो आला नाही तर बोटं पुन्हा आखडतील," त्या बाईंनी फोनवर सांगितलं.

"लॅब्राडोर सांगून दे ना," माझा भाऊ प्रशिक म्हणाला. "कोणाले काय समजते?"

"खोटं बोलू?"

"तू तिथं नुसती मेघा म्हणूनच राहून राहिली ना वं?"

खरंच होतं ते. आडनाव विचारलं तर विषय बदला, असं भाड्याचा फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटनेच बजावलं होतं. आधीची घरं आडनावावरूनच हुकली होती, म्हणून मी गप्प बसले.

मीटिंगला मी 'लॅब्राडोर' घोकतच गेले. सेक्रेटरी मार्तंडरावांनी चष्मा पुसत विचारलं, "तर मेघाताई, जात कोणती?"

माझं डोकंच फिरलं. "बौद्ध! काहून?"

मार्तंडराव लालबुंद झाले.

"अहो ताई, मी कुत्र्याची विचारून राहिलो! आपल्याकडे जातपात मानतेच कोण?"

लॅब्राडोर अगदी जिभेवर होता. पण एक खरं बाहेर पडल्यावर दुसरं आत राहीना.

"पिटबुल," मी म्हणाले.

शनिवारी त्याला मुसकं बांधून सरळ जिन्याने उतरवलं. अडवलं कोणीच नाही, फक्त दारं लागत गेली. वृद्धाश्रमात पोचल्यावर मुसकं काढलं. आजींनी त्याचा कापलेला कान बोटांत धरला. "कुठं उलथला होता रे इतके दिवस?" म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले.

घरी आले तर एजंटचा फोन. फ्लॅट खाली करा, सोसायटीची तक्रार आहे.

"कशाबद्दल?"

"कुत्र्याचंच हो," तो घाईने म्हणाला. "दुसरं काही नाही."

"दुसरं काय असणार?"

त्याने फोन ठेवला. दोघांच्या जाती मीच एका दमात सांगून बसले. आता कोणाच्या जातीवरून मला घराबाहेर काढताहेत, हे मला जन्मात कळायचं नाही.